सी ड्राइव्ह भरला: लाइटरूम आणि प्रीमियरचा डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर कसा न्यावा?

उदगीरचा कॅमेरा

राम राम मंडळी. उदगीरला माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, जे येईल ते करतो. लॅपटॉपात ५१२ जीबीचा एसएसडी, एकच पार्टिशन, म्हणजे सगळा पसारा सी ड्राइव्हमध्येच. पट्टी लाल झालीय, ९ जीबी उरलेत. जागाच नसल्यानं फोटो सांभाळायचं लाइटरूम क्लासिक रडत-कढत चालतंय, व्हिडिओचं प्रीमियर तर उघडायचीच भीती वाटायली.

दोन ड्राइव्ह आणून ठेवलेत. एक २ टीबीची यूएसबी हार्डडिस्क, एक १ टीबीचा पोर्टेबल एसएसडी. पण कोणतं सामान कुठं टाकावं ते कळंना झालंय. शेजारचा पोरगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "काका, अख्खं ॲपडेटा फोल्डर उचलून बाहेर टाकू अन् लिंक मारू, झटक्यात होतंय." ॲपडेटात तर सगळ्या सॉफ्टवेअरचा डेटा असतो, मला धडकी भरली. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन चालू होतो, त्याच्या आत हे निपटायचंय. कुणी केलंय का हे आधी?

गोदाकाठ

भाऊ, त्या पोराला चहा पाजा आणि लॅपटॉपला हात लावू देऊ नका. :)

आधी नेमकं कशानं भरलंय ते बघा. विनडिरस्टॅट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सगळा ड्राइव्ह चाळून फोल्डरनिहाय आकडे देतं. लाइटरूमचा कॅटलॉग कुठं आहे ते एडिट मेनूतल्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये, जनरल टॅबवर दिसेल. शेजारच्या 'शो' बटणानं थेट तो फोल्डर उघडतो. आकडे इथं टाका, मग बोलू. न मोजता हलवाहलव केली की भलतंच हलतं आणि जागा तेवढीच राहते.

उदगीरचा कॅमेरा

मोजलं. पिक्चर्समध्ये फोटो ३१० जीबी (बहुतेक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइली). लाइटरूमच्या फोल्डरात 'प्रीव्ह्यूज' नावाचं एक धूड ६१ जीबीचं, कॅटलॉगची फाइल फक्त २ जीबी. ॲपडेटा ४८ जीबी. त्यात ॲडोबीच्या मीडिया कॅशचे २७ आणि मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरचे १६. बाकी ४६ जीबी विंडोज आणि सॉफ्टवेअर. मोकळे ९ धरून बेरीज ४७६ येते, मग उरलेले ३६ जीबी कुठं गेले? दुकानदारानं फसवलं की काय?

गोदाकाठ

दुकानदार निर्दोष आहे. कंपन्या १००० नं मोजतात, विंडोज १०२४ नं. ५१२ चे विंडोजमध्ये साधारण ४७६ च दिसतात.

आता तुमच्या आकड्यांकडे बघा. लोक 'ॲपचा डेटा' म्हणून सगळं एकाच गाठोड्यात बांधतात, पण तुमच्याकडे चार वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी आहेत. प्रत्येकीची जागा वेगळी.

फोटो: आकारानं मोठे, एकदा लिहिले की परत बदलत नाहीत. हे खुशाल हार्डडिस्कवर जाऊ द्या. रॉ फाइल उघडताना हार्डडिस्क थोडी रेंगाळेल, पण चालतं.

कॅटलॉग: जीव याच्यात आहे. तुम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती, स्टार, कीवर्ड सगळं या डॉट एलआरकॅट फाइलीत असतं. आतून ती एस्क्यूलाइट पद्धतीची डेटाबेस फाइल आहे. तुम्ही स्लायडर हलवला की तिच्यात बारीक बारीक लिखाण चालू असतं. म्हणून ती फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवर ठेवू नका. सी वरच राहू द्या, नाहीतर एसएसडीवर. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून तर लाइटरूम कॅटलॉग उघडतच नाही, म्हणून कुणी 'नॅस (नेटवर्कवरचा ड्राइव्ह) घ्या' म्हणालं तर ते फक्त फोटोंपुरतं.

प्रीव्ह्यू: फोटो चटकन दिसावेत म्हणून लाइटरूमनं बनवलेल्या प्रती. हे हलवायच्या आधी झाडून काढा. लायब्ररी मेनूत प्रीव्ह्यूजखाली 'डिस्कार्ड वन टू वन प्रीव्ह्यूज' आहे. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नांचे पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू तुम्हाला आज नको आहेत, लागले तर फोटोवरून पुन्हा तयार होतात. कॅटलॉग सेटिंग्जच्या फाइल हँडलिंग टॅबमध्ये ते ३० दिवसांनी आपोआप टाकून द्यायची सोय आहे, 'नेव्हर' असेल तर बदला. प्रीव्ह्यूंचा फोल्डर कॅटलॉगच्या बगलेतच राहतो, त्याला एकट्याला बाहेर पाठवायच्या भानगडीत पडू नका.

मीडिया कॅश: प्रीमियरनं काम वेगात व्हावं म्हणून बनवलेल्या तात्पुरत्या फाइली. हा निव्वळ कचरा, पण उपयोगी कचरा. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश म्हणून पान आहे, तिथं ब्राउझ करून एसएसडीवरचा फोल्डर दाखवा आणि जुना कॅश तिथूनच पुसा. लाइटरूमचा कॅमेरा रॉ कॅशही प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्स टॅबवरून हलतो.

बघा, यातल्या एकाही कामाला लिंक मारावी लागली नाही. ॲप स्वतः जागा विचारतंय, तर मागच्या दारानं का जायचं?

पैठणगेट

सर, लिंकला एवढं वाईट नका म्हणू. मी संभाजीनगरला ॲप डेव्हलपमेंट करतो. अँड्रॉइड स्टुडिओचे इम्युलेटर (कॉम्प्युटरवरचे नकली फोन) आणि ग्रेडल या ॲप बांधायच्या साधनाचा कॅश मिळून ६०-७० जीबी सहज खातात. मी दोन्ही जंक्शन करून (म्हणजे जुन्या जागी नव्या फोल्डरकडं नेणारी लिंक ठेवून) बाहेरच्या एसएसडीवर ठेवलेत, मस्त चाललंय. ॲपला पत्ताच लागत नाही.

गोदाकाठ

वाईट नाही म्हणत, शेवटचा उपाय म्हणतोय. तुझ्याच उदाहरणात बघ. ग्रेडलसाठी 'ग्रेडल यूजर होम' आणि इम्युलेटरसाठी 'अँड्रॉइड एव्हीडी होम' असे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमधली नावानिशी सेटिंग्ज) अधिकृतपणे दिलेले आहेत. तिथं नवा पत्ता लिहिला की काम झालं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी ते मशीन बघितलं तरी त्याला समजतं. जंक्शन केलं की फोल्डर सी मध्ये आहे असंच सगळ्यांना वाटत राहतं.

पैठणगेट

बरोबर आहे, पण उदगीरच्या काकांचा तो मोबाइलसिंक फोल्डर? तो आयफोनचा बॅकअप आहे ना. आयट्यून्समध्ये त्याची जागा बदलायचं सेटिंगच नाही.

गोदाकाठ

तिथं तू जिंकलास. तिथं जंक्शनच. तूच सांग त्यांना नीट.

पैठणगेट

काका, आदेश टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची, मी इथं देवनागरीत सांगतो.

बॅकअपचा फोल्डर दोनपैकी एका जागी असतो. साइटवरून उतरवलेलं आयट्यून्स असेल तर ॲपडेटा, रोमिंग, ॲपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेलं असेल तर यूजरच्या फोल्डरातच ॲपल नावाचा फोल्डर असतो, त्यात मोबाइलसिंक. तुमचा ॲपडेटामध्ये सापडलाय, म्हणजे पहिला प्रकार.

आयट्यून्स पूर्ण बंद करा. बॅकअप फोल्डर एसएसडीवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. मूळ फोल्डरचं नाव बदलून 'बॅकअप-जुना' करा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून एमकेलिंक, स्लॅश जे, त्यापुढं सी मधला जुना पत्ता, त्यापुढं एसएसडीवरचा नवा पत्ता. दोन्ही पत्ते अवतरण चिन्हात घाला, कारण 'ॲपल कॉम्प्युटर'मध्ये मधे मोकळी जागा आहे. क्रम लक्षात ठेवा, आधी लिंक, नंतर खरं घर. कॉपीच्या आदेशाच्या अगदी उलट, सगळे इथंच अडकतात. आणि त्या नावाचा फोल्डर आधीच तिथं असला तर आदेश चालत नाही, म्हणून नाव बदलणं आधी.

स्लॅश जे म्हणजे जंक्शन, त्याला ॲडमिनची परवानगी लागत नाही. स्लॅश डी केलं तर सिम्बॉलिक लिंक होते, तिला एरवी ॲडमिन लागतं. पॉवरशेलमध्ये हा आदेश नसतो, साधा कमांड प्रॉम्प्टच घ्या. झाल्यावर फोनचा एक बॅकअप घेऊन बघा, नीट झाला की 'बॅकअप-जुना' उडवा.

उदगीरचा कॅमेरा

व्वा, हे समजलं. पण मग पोरगा म्हणतो तसं अख्खं ॲपडेटाच का नाही? एकदाच कटकट.

गोदाकाठ

कारण तुमच्या खात्याच्या रजिस्ट्रीचा (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीचा) एक भाग, यूजरक्लास डॉट डॅट नावाची फाइल, ॲपडेटाच्या लोकल फोल्डरात राहते आणि लॉगिन होतानाच विंडोज ती उघडतं. त्या वेळी बाहेरचा ड्राइव्ह जागा झालेला नसला, केबल सैल असली, कुणी ड्राइव्ह उचलून दुसऱ्या खोलीत नेला असला, तर तुमच्यासमोर तुमचा डेस्कटॉप येणारच नाही. घर बांधताना पाया शेजाऱ्याच्या वावरात घालावा असलं काम आहे ते. सोळा जीबीच्या एका फोल्डरासाठी जंक्शन ठीक, पण अख्ख्या ॲपडेटाला नाही.

मोंढ्यातला मुनीम

मधेच विचारतो, माफ करा. परभणीला मोंढ्यात आडतीच्या दुकानात हिशेब बघतो. आमचं टॅली प्राइम डेस्कटॉपवर आहे, तिथंही सी भरत आलाय. मालक म्हणतात टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर टाका, म्हणजे घरीही नेता येईल. करू का?

गोदाकाठ

मुनीमजी, टॅलीच्या डेटा फोल्डरवर राइट क्लिक करून आकार बघा आधी. आडतीच्या दुकानाचा डेटा सहसा काहीशे एमबी असतो, फार तर एक-दोन जीबी. तो हलवून तुमचा सी मोकळा होणार नाही. जागा दुसऱ्याच कशानं तरी खाल्लीय, बहुधा डाउनलोड्स आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या हिशेबपट्ट्यांचे फोटो.

डेटाचा पत्ता बदलायचाच असला तर एफ १ हेल्पमधून सेटिंग्ज, तिथं डेटा कॉन्फिगरेशन. पण चालू खातं पेनड्राइव्हवर? नको. पट्टी लिहिताना कुणाचा धक्का लागून पेनड्राइव्ह निघाला तर त्या दिवसाची तूर आणि सोयाबीन दोन्ही गेलं. पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या, टॅलीच्या डेटा मेनूत सोय आहे. मालकांना घरी तो बॅकअप रिस्टोअर करून बघता येईल.

मोंढ्यातला मुनीम

आकार बघितला, ६४० एमबी. डाउनलोड्स ८८ जीबी निघालं. जास्त बोलत नाही आता.

लातुरी बॅटरी

तुम्ही सगळे सॉफ्टवेअरचं बोलायलाव, विजेचं कुणी बोलंना. मी इन्व्हर्टर-यूपीएसचं काम करतो, म्हणून राहवलं नाही.

बाहेरच्या हार्डडिस्क दोन जातीच्या. छोटी अडीच इंची, ती यूएसबीतूनच वीज घेते. मोठी साडेतीन इंची, तिला वेगळा ॲडॉप्टर लागतो. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून लाइट गेल्यावर तो चालूच राहतो, पण मोठी हार्डडिस्क भिंतीच्या प्लगवर असली तर ती त्याच क्षणी मरते. फाइल लिहिणं चालू असलं तर अर्धवट. मोठी असेल तर ती यूपीएसवरच लावा. साध्या इन्व्हर्टरवर असाल तर त्याचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे का बघा, नाहीतर बदल होताना झटका बसतो.

आणि दुसरं, फॉरमॅट. नवा पोर्टेबल ड्राइव्ह बऱ्याचदा एक्सफॅटमध्ये येतो, कारण तो मॅकवरही चालतो. पण एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणजे मधेच वीज गेली तर काय लिहून झालं अन् काय राहिलं याची नोंद नसते. विंडोजवरच वापरणार असाल तर एनटीएफएस करा. आणि हे डेटा टाकायच्या आधी करा. विंडोजचा कन्व्हर्ट आदेश फॅट ३२ चं एनटीएफएस करतो, एक्सफॅटचं नाही. नंतर आठवलं तर सगळं उपसून, फॉरमॅट मारून, परत भरावं लागतंय.

उदगीरचा कॅमेरा

हे लई कामाचं सांगितलंत दादा. माझी हार्डडिस्क छोटीच आहे, पण दोन्ही ड्राइव्ह एक्सफॅट निघाले. रिकामे होते, लगेच एनटीएफएस केले.

आता फोटोंचं सांगा. ३१० जीबी लाइटरूमच्या आतून ओढून न्यायचे की बाहेरून कॉपी?

गोदाकाठ

दोन्ही चालतं. लाइटरूमच्या डाव्या पट्टीतल्या फोल्डर्समध्ये ओढून टाकलं तर कॅटलॉगला नवा पत्ता आपोआप कळतो. पण तिथं 'मूव्ह' होतं, कॉपी नाही. एवढा मोठा ढीग असताना मला मूळ जागेवर प्रत राहिलेली आवडते. म्हणून मी बाहेरूनच करतो.

त्याआधी ड्राइव्हचं अक्षर पक्कं करा. आज हार्डडिस्क ई आहे, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला तर ती एफ होईल आणि लाइटरूमला एकही फोटो सापडणार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, आणि शेवटचं कुठलंतरी अक्षर द्या. फोटोंना पी, एसएसडीला एस, असं काहीही. तुमच्या आयफोनच्या जंक्शनलाही हाच नियम, म्हणून अक्षर आधी, जंक्शन नंतर.

मग लाइटरूम बंद करून फोटोंचा सगळ्यात वरचा फोल्डर कॉपी करा. निळ्या यूएसबी खाचेत लावा, मध्ये हब नको. यूएसबी २ च्या खाचेतून सेकंदाला तीसेक एमबी निघतात, तुमच्या ढिगाला अडीच-तीन तास. निळ्या खाचेत हार्डडिस्क तिच्या वेगानं, म्हणजे साधारण शंभरानं चालेल, तासाभरात आटोपेल. रोबोकॉपी (विंडोजचा कॉपीचा आदेश) येत असेल तर ते वापरा, मधेच तुटलं तर राहिलेलंच उचलतं. फक्त इंटरनेटवर दिसणारा स्लॅश एमआयआर लावू नका. तो 'दोन्हीकडं सारखं' करण्याच्या नादात नव्या जागचं जास्तीचं पुसून टाकतो.

दोन्हीकडचे आकार आणि फाइलींची संख्या जुळली की सी मधल्या जुन्या फोल्डरचं नाव बदला. लाइटरूम उघडा. फोल्डरांवर प्रश्नचिन्ह येतील, घाबरू नका, तेच हवंय. वरच्या फोल्डरवर राइट क्लिक, 'फाइंड मिसिंग फोल्डर', नवा पत्ता दाखवा.

अंबाजोगाईकर

विषय जरा बाजूचा आहे, पण इथंच विचारते. माझ्या मोबाइलमध्ये एसडी कार्ड आहे. व्हॉट्सॲपचा डेटा त्यावर हलवता येतो का? वर्गाच्या ग्रुपमुळं फोन भरून जातो.

पैठणगेट

ताई, व्हॉट्सॲप स्वतः एसडी कार्डवर जात नाही. अँड्रॉइड ११ पासून त्याच्या फाइली अँड्रॉइड फोल्डरातल्या मीडियामध्ये असतात. तिथले जुने फोटो-व्हिडिओ हातानं कार्डवर नेता येतात, पण मग ते चॅटमध्ये उघडत नाहीत. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. कोणत्या ग्रुपनं किती खाल्लं ते उतरत्या क्रमानं दिसतं. आणि ऑटो डाउनलोड बंद करा.

अंबाजोगाईकर

पालकांचा ग्रुप १४ जीबी! गुड मॉर्निंगचे हत्ती आणि गुलाब. धन्यवाद.

उदगीरचा कॅमेरा

झालं मंडळी! फोटो पी वर गेले. प्रश्नचिन्हांचा मात्र बाजार भरला होता, प्रत्येक लग्नाचा फोल्डर वेगवेगळा दिसत होता आणि त्यांच्या वरचा फोल्डर पट्टीत नव्हताच. एकेक दाखवत बसलो असतो तर दिवाळी गेली असती. मग एकावर राइट क्लिक करून 'शो पॅरेंट फोल्डर' केलं, वरचा फोल्डर आला, त्याला पत्ता दाखवला अन् खालची सगळी चिन्हं एकदम गेली. हे इथं लिहून ठेवतो, कुणाला तरी लागंल.

प्रीव्ह्यू झाडून ६१ चे १९ जीबी झाले. मीडिया कॅश एस वर, आयफोनचा बॅकअपही एस वर. सी वरचा जुना फोटोंचा फोल्डर आता उडवू का?

लातुरी बॅटरी

थांबा मालक! तो उडवला की त्या फोटोंची जगात एकच प्रत राहील, ती पण फिरत्या तबकडीवर. हलवणं म्हणजे बॅकअप नाही.

गोदाकाठ

बॅटरीदादांना अनुमोदन. लाइटरूम बंद करताना 'बॅक अप' विचारतं ना, त्यात फक्त कॅटलॉग असतो, फोटो नसतात. बऱ्याच जणांना वाटतं फोटोही जातात. शिवाय तो बॅकअप कॅटलॉगशेजारीच ठेवला जातो. लॅपटॉपातला एसएसडी गेला तर दोन्ही सोबत. त्या खिडकीत फोल्डर बदलायची सोय आहे, तिथं पी दाखवा.

तुमच्या पोर्टेबल एसएसडीवर अजून नऊशे जीबीच्या आसपास जागा आहे. फोटोंची दुसरी प्रत तात्पुरती तिथं टाका, मगच सी वरचं उडवा. सीझनची पहिली उचल आली की आणखी एक हार्डडिस्क घ्या, तीवर प्रत करून घरी ठेवा, स्टुडिओत नाही. हळद परत लागत नाही आणि अक्षता परत पडत नाहीत, गिऱ्हाइकाला काय सांगणार?

आणि हो, कॅटलॉग उघडा असताना किंवा कॉपी चालू असताना ड्राइव्ह उपटू नका. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' (ड्राइव्ह झटकन काढता येण्याची सोय) आपोआप चालू असतं, म्हणून लोक बिनधास्त झालेत. ते फक्त विंडोजनं हातात धरून ठेवलेल्या लिखाणापुरतं आहे. ॲपनं उघडून ठेवलेल्या फाइलीला त्याचं काही संरक्षण नाही.

उदगीरचा कॅमेरा

दुसरी प्रत एस वर टाकायला लावलीय. एक शेवटचं. देवणी, जळकोटकडच्या पार्ट्या घरी बोलावतात, "इथंच दाखवा, इथंच फोटो निवडू" म्हणतात. तिथं दोन-दोन ड्राइव्ह लोंबकळत न्यायचे का? लेकरं केबल ओढतात.

पैठणगेट

काका, स्मार्ट प्रीव्ह्यू करा. ज्या लग्नाचे फोटो दाखवायचेत ते निवडून लायब्ररी मेनूत प्रीव्ह्यूजखाली 'बिल्ड स्मार्ट प्रीव्ह्यूज'. मोठी बाजू २५६० पिक्सेलची अशी छोटी प्रत कॅटलॉगशेजारी तयार होते. मग हार्डडिस्क स्टुडिओतच ठेवा. फोटो दिसतील, स्टार देता येतील, डेव्हलपमध्ये रंगही दुरुस्त करता येतील. परत येऊन ड्राइव्ह लावला की सगळं मूळ फोटोंना लागू. कॅटलॉग सी वर ठेवल्याचा हा फायदा.

गोदाकाठ

फक्त तिथल्या तिथं अल्बमसाठी एक्स्पोर्ट करू नका. मूळ फोटो नसताना एक्स्पोर्ट केलं तर २५६० च्या वर जात नाही, १२ बाय ३६ इंचाच्या पानावर ते फुटतं. आणि सगळ्या जुन्या लग्नांचे स्मार्ट प्रीव्ह्यू बनवत बसू नका, नाहीतर सी परत भरेल.

उदगीरचा कॅमेरा

चालू वर्षाच्याच बनवतो, अन् अल्बम गेला की डिस्कार्ड. सी वर आता ९४ जीबी मोकळे दिसायलेत, जुना फोटोंचा फोल्डर अजून तसाच असताना. एस वरची कॉपी संपली की आकडे जुळवून तोही काढतो. पोराला विचारलं, तो म्हणाला मला यूजरक्लासचं माहीतच नव्हतं.